कामठी : छावणीच्या गावाचा इतिहास आणि आपली शिरगणती

इंग्रजांनी लिहिलेला कामठीचा इतिहास जेमतेम चार ओळींचा आहे. १८२१ साली नागपूरच्या भोसल्यांच्या राजधानीजवळ लष्करी छावणी म्हणून गाव वसले. कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांचा संगम जवळच. रस्ते रुंद, बागा नीटनेटक्या, एके काळी व्यापार मोठा. पुढे रेल्वे आली, व्यापार नागपूरला गेला, पलटणही कमी झाली. बस्स. स्वातंत्र्यानंतर ज्यांनी लिहिले त्यांनीही बहुतेक याच ओळी मराठीत उतरवून काढल्या. या इतिहासात नदी आहे, पलटण आहे, बाजार आहे. फक्त तिथे राहणारा माणूस नाही. तो आहे तो आकड्यात. म्हणून आम्ही आकड्यापासूनच सुरुवात करणार आहोत. गावची लोकसंख्या कोणी मोजली, कशासाठी मोजली आणि तिच्यात आपण कुठे होतो, हे एकदा नीट पाहिले की कामठीचा खरा इतिहास आपोआप पुढे येतो.

पण आधी हे गाव झाले कसे ते पाहू. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. त्यानंतर राजधानीवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांना जवळच, पण शहराबाहेर, पाण्याची सोय असलेली जागा हवी होती. नागपूरच्या ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर कन्हानच्या काठी ती मिळाली. ‘कॅम्प-टी’ या शब्दावरून कामठी झाले अशी एक कथा सांगतात. आम्हाला ती फारशी पटत नाही. साहेबाच्या तोंडून निघालेल्या शब्दावरून आपल्या गावांची नावे पडली, असे सांगण्याची आपल्याकडे हौसच आहे. ते असो.

कामठीची फौज मद्रास लष्कराची होती. त्यामुळे वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या या मुलखात तेलुगू आणि तमिळ बोलणारी माणसे पलटणीबरोबर आली. उत्तरेकडून मोमीन विणकर आले, त्यांचे माग बसले. मारवाडी व्यापारी आले, ख्रिस्ती मिशनरी आले. आणि आजूबाजूच्या खेड्यांतून आला आमचा माणूस. छावणी म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. एका गोऱ्या साहेबामागे घोड्याचा मोतद्दार, गवत कापणारा, पाणी भरणारा, खानसामा, धोबी, आया, झाडूवाला असा ताफा लागतो. पलटणीचा हिशेब ठेवणाऱ्या कागदात तोफा आणि घोडे मोजलेले सापडतात, पण हा ताफा सापडत नाही.

तरीही या ताफ्याला छावणीत एक गोष्ट मिळाली. ती खेड्यात कधीच मिळाली नसती. ती म्हणजे रोख पगार. गावात महार हा गावकामगार. त्याने बोलावले की धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी निरोप पोचवायचे, सांगावा घेऊन दहा कोस चालायचे आणि त्याबदल्यात दारोदार भाकरी मागायची. छावणीत काम हलके होते असे नाही, मानाचे तर मुळीच नव्हते, पण महिना भरला की हातात नाणे पडत होते. नाणे हातात आले की माणूस पोराला शाळेत घालण्याचा विचार करू शकतो. उतरंडीच्या तळाशी हा बदल फार मोठा होता. म्हणून इंग्रज आमचे तारणहार होते, असा सोयीस्कर निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ज्या महार शिपायांच्या जिवावर मुंबई लष्कर लढले, त्यांची भरती याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात ‘लढाऊ जात नाही’ असे म्हणून बंद केली. छावणीच्या रुंद रस्त्यांवर बंगले कोणाचे होते आणि नोकरांच्या चाळी कुठे होत्या, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आता आकडे. १८८१ च्या जनगणनेत कामठीची लोकसंख्या ५०,९८७ होती. १८९१ ला ती ४३,१५९ झाली आणि १९०१ ला ३८,८८८. म्हणजे वीस वर्षांत बारा हजार माणसे कमी झाली, जवळपास चौथा हिस्सा. सरकारी पुस्तकात कारण एका वाक्यात दिलेले आहे: रेल्वे. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. त्यानंतर उत्तरेकडचा आणि छत्तीसगडचा माल कामठीच्या बाजारात उतरण्याचे कारण उरले नाही. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि जाडेभरडे कापड विणून पोट भरणाऱ्या महार कोष्ट्यांचे माग थंडावू लागले. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. रेल्वे हे कारण खोटे नाही, पण ते व्यापाऱ्याचे कारण आहे. विणकराचे कारण गिरणी आणि भुकेल्याचे कारण दुष्काळ, हे त्या एका वाक्यात बसत नाही.

इथे आम्हाला सातासमुद्रापलीकडचे एक गाव आठवते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मिसिसिपी आणि ओहायो या दोन प्रचंड नद्यांच्या संगमावर केरो नावाचे लहानसे शहर आहे. तेही छावणीचे गाव. १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा जनरल ग्रँटने इथे तळ टाकला. दक्षिणेतल्या मळ्यांवरून सुटलेले गुलाम नदीने वर येत केरोला पोचले, त्यांच्यासाठी तिथे वेगळी छावणी उभारावी लागली. त्यांच्यातले अनेक तिथेच राहिले. पुढे या शहराची भरभराट झाली. १९२० ला लोकसंख्या १५,२०३ होती, २०२० ला ती उरली १,७३३. शंभर वर्षांत नऊ माणसांमागे एक माणूस राहिला!

का? इथेही सोपे उत्तर तयार आहे: नदीवर पूल झाले, बोटींचा धंदा बसला, महामार्ग गावाला वळसा घालून गेला. हे सगळे खरे. पण १९०९ साली याच गावात विल जेम्स या काळ्या माणसाला हजारोंच्या जमावाने ठार मारले. १९६७ साली रॉबर्ट हंट हा एकोणीस वर्षांचा काळा सैनिक पोलीस कोठडीत लटकलेला सापडला. काळ्यांनी पोहण्याच्या तलावात उतरण्याचा हक्क मागितला, तेव्हा तलाव बंद करून पुढे तो बुजवून टाकला गेला. १९६९ साली काळ्यांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती, आमच्या पैशावर दुकान चालते तर आमच्या पोरांना नोकरी द्या. अनेक दुकानदारांनी दुकान कायमचे बंद केले, पण काळ्याला गल्ल्यावर बसवले नाही. वाचताना चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही. तळे बाटले म्हणून महाडच्या सनातन्यांनी शेणगोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केले, केरोच्या गोऱ्यांनी ते बुजवूनच टाकले. अशा गावची लोकसंख्या घटते तेव्हा दोष एकट्या महामार्गाला देता येत नाही.

केरो आणि कामठी यांत फरकही आहे आणि तो आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केरो ओस पडत गेले. कामठीचा बाजार उठला, पलटणी हलल्या, पण ज्यांना कुठे जाता येत नव्हते ती माणसे राहिली. आणि त्या ओसरत्या गावात ६ जानेवारी १९०४ रोजी एक मूल जन्माला आले. वडिलांचे नाव लक्ष्मणराव नगराळे, नोकरी रेल्वेत कारकुनाची. ज्या रेल्वेने कामठीचा व्यापार नेला, त्याच रेल्वेने एका महाराच्या हातात लेखणी आणि पगार दिला. सरकारी पुस्तकाच्या दृष्टीने जो गावाचा ऱ्हास, तो एका घराच्या दृष्टीने उगवतीचा काळ होता. त्या मुलाला आज आपण बाबू हरदास एल. एन. म्हणून ओळखतो.

हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. ब्रह्मानंद स्वामींकडे संस्कृत शिकले. महाराच्या पोराने संस्कृत शिकायचे, ही त्या काळात केवढी आगळीक होती ते सांगायला नको. १९२१ साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक काढले. पुढच्याच वर्षी महार समाजाची संघटना बांधली, अत्याचाराच्या वेळी धावून जाण्यासाठी तरुणांचे पथक उभे केले. १९२४ साली अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारी पुस्तिका लिहिली. विडी कामगारांची ठेकेदारांकडून होणारी लूट थांबावी म्हणून सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू करण्याचा प्रयत्न केला. रामटेक, साकोली, भंडारा, गोंदिया हा सगळा विडीचा पट्टा, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या आपल्याच आयाबहिणी. त्यांच्यासाठी महिलाश्रम काढला. १९२७ साली कामठीत रात्रशाळा चालवल्या, त्यांत ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. संत चोखामेळा वाचनालयही त्यांनीच उभे केले.

त्या २२ मुलींपाशी जरा थांबा. १९२७ साल, दिवसभर काम करून रात्री कंदिलाच्या उजेडात शिकायला येणाऱ्या अस्पृश्य मुली. कामठीच्या कुठल्याही गॅझेटियरपेक्षा हा आकडा मोलाचा आहे, कारण तो साहेबाने मोजलेला नाही, आपल्या माणसाने मोजलेला आहे.

‘जयभीम’चे श्रेय हरदासांना दिले जाते. त्याची हकीकत सांगितली जाते ती अशी. कामठीत मुसलमानांची वस्ती मोठी. ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटले की समोरून ‘वालेकुम अस्सलाम’ येते, हे रोज कानावर पडणारे. आपली माणसे मात्र भेटली की ‘जोहार मायबाप’ किंवा ‘रामराम’ म्हणणार. एकात लाचारी, दुसऱ्यात ज्याच्या देवळाची पायरी चढता येत नाही त्या देवाचे नाव. तेव्हा आपल्या माणसांचा आपला अभिवादनाचा शब्द हवा. एकाने ‘जयभीम’ म्हणावे, दुसऱ्याने ‘बलभीम’ म्हणावे, असे आधी ठरले. पुढे उत्तरही ‘जयभीम’च झाले. आज ‘जयभीम’ला परक्या प्रेरणेचे वावडे असल्यासारखे काही तरुण बोलतात, मुसलमानांविरुद्ध पेटवून दिलेल्या वातावरणात वाहवत जातात. त्यांनी कामठीच्या गल्ल्यांमधून एकदा फिरून यावे. मोमीनपुऱ्याच्या शेजाराशिवाय हा शब्द कदाचित सुचलाही नसता.

आता मूळ मुद्दा, मोजणीचा. १९३२ साल. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी तेच, अशा तारा हरदासांसारख्या कार्यकर्त्यांनी लंडनला धाडल्या होत्या. मतदानाचा हक्क कोणाला, किती, हे ठरवण्यासाठी लोथियन समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे सदस्य होते. प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या प्रमाणात मिळणार हे दिसताच एक चमत्कार घडला. अस्पृश्य नाहीसे होऊ लागले! संयुक्त प्रांतात जनगणनेच्या हिशेबाने अस्पृश्य सव्वा कोटीच्या आसपास होते. प्रांतिक सरकारने सांगितले ६८ लाख. आणि प्रांतिक मताधिकार समितीने सांगितले फक्त ६ लाख. बंगालमध्ये तर कोटीचे काही हजारांवर आणून ठेवले. शतकानुशतके ज्यांची सावली ओळखता येत होती, ते जागा वाटायच्या वेळी ओळखू येईनात. बाबासाहेबांनी याविरुद्ध समितीपुढे स्वतंत्र टिपण दिले, त्याची तारीख १ मे १९३२.

आणि सहाच दिवसांनी, ७ मे १९३२ रोजी, अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली ती मुंबईत नाही, दिल्लीत नाही, कामठीत. अध्यक्ष मद्रासकडचे मुनुस्वामी पिल्ले. बाबासाहेब स्वतः हजर. यजमान होते हरदास आणि त्यांचे सहकारी. जागा कामठी असण्याला अर्थ होता. त्याआधीच एम. सी. राजा यांनी हिंदू महासभेच्या डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केला होता. मुंजे नागपूरचे. राजांच्या बाजूचे गवईही आपल्याच वऱ्हाडातले. म्हणजे ज्या मुलखातून स्वतंत्र मतदारसंघावर घाव घातला गेला, त्याच मुलखातल्या नदीकाठच्या लहानशा गावाने उत्तर दिले. परिषदेने राजा-मुंजे करार धुडकावला आणि बाबासाहेबांच्या मागे उभे राहिल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, सप्टेंबरमध्ये येरवड्याचे उपोषण आणि पुणे करार. तो इतिहास आपल्याला पाठ आहे, पण त्याच्या आधीचे कामठीचे पान मात्र आपल्याच अनेक पुस्तकांत एका ओळीत उरकले जाते, याचा आम्हाला राग येतो.

१९३७ च्या निवडणुकीत हरदास स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. पुढच्या वर्षी पक्षाच्या प्रांतिक शाखेचे अध्यक्ष झाले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले. वय पस्तीस. क्षय हा तेव्हा विडीच्या आणि गिरणीच्या वस्त्यांचा रोग होता, हेही नोंदवून ठेवू. त्यांच्यानंतर पावणेतीन वर्षांनी, १९४१ च्या ऑक्टोबरात, महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी कामठीला उभी राहिली. ज्या छावणीत आमचा माणूस पाणक्या आणि मोतद्दार होता, तिथे तो शिपाई म्हणून संचलन करू लागला. आज त्याच छावणीत गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे.

१९५६ च्या धम्मदीक्षेने मोजणीचा हिशेबच बदलला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते २,४८७. दीक्षाभूमीनंतरच्या पहिल्या जनगणनेत, १९६१ ला, ते झाले २७,८९,५०१. जगाच्या जनगणनांच्या इतिहासात अशी उडी क्वचितच सापडेल. पण लगेच सापळाही लागला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ ला त्यांत शीख आले. बौद्ध लिहिले की सवलत गेली. हा सापळा १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारने कायदा दुरुस्त केल्यावर सुटला. चौतीस वर्षे एका अख्ख्या पिढीला धम्म आणि पोट यांतून निवड करायला लावली गेली. अनेकांनी घरात बुद्धाची मूर्ती ठेवली आणि कागदावर ‘हिंदू महार’ लिहिले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, आयती सवलत घेऊन शिकलेल्या आपल्याला नाही.

२००१ ला महाराष्ट्रात बौद्ध ५८ लाख ३८ हजार होते, २०११ ला ६५ लाख ३१ हजार झाले. दहा वर्षांत वाढ १२ टक्क्यांच्या आत. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. आपल्या घरांत शिक्षणामुळे मुले कमी झाली, हे एक कारण आहे आणि ते चांगले आहे. पण धर्माच्या रकान्यात प्रगणकाने परस्पर ‘हिंदू’ लिहिले आणि आपण पाहिलेही नाही, हेही कारण आहे. प्रत्येक वस्तीत असे अनुभव सांगणारी माणसे भेटतात.

खुद्द कामठीचे काय? १९०१ ला ३८,८८८ असलेले गाव २०११ ला नगरपरिषदेच्या हद्दीत ८६,७९३ झाले. हद्दी बदलल्या हे मान्य करूनही, एकशे दहा वर्षांत सव्वादोन पट. तेवढ्याच काळात नागपूर १,२७,७३४ वरून २४,०५,६६५ वर गेले, म्हणजे जवळपास एकोणीस पट. नागपूर वाढले ते कन्हानचे पाणी पिऊन आणि कोराडीची वीज जाळून. कामठी तालुक्याच्या वाट्याला राख आली. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि ती राख नदीपर्यंत गेली. १९९९ पासून ड्रॅगन पॅलेस पाहायला देशविदेशातून लोक येतात ही आनंदाची गोष्ट. त्या पर्यटकांपैकी किती जण हरदासांच्या गावात आलो आहोत हे जाणून परत जातात, हा प्रश्न आम्ही आपल्यालाच विचारतो.

आता पुन्हा मोजणी होणार आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जातनिहाय गणनेचा निर्णय जाहीर केला, जूनमध्ये अधिसूचना निघाली. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. आपल्या तरुणांत यावरून वाद सुरू आहे. एक बाजू म्हणते, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर जात लिहायचीच कशाला? ही बाजू प्रामाणिक आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण १९३२ चा अनुभव समोर ठेवा. तेव्हाही अस्पृश्यता राहिलीच नाही असे म्हणणारे होते, आणि ते अस्पृश्यांच्या जागा खाण्यासाठी म्हणत होते. सव्वा कोटीचे सहा लाख करणाऱ्यांना आपली जात जायला नको होती, आपला आकडा जायला हवा होता. कायदा आजही अनुसूचित जातीच्या यादीतले नाव पाहतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’, आणि जातीच्या रकान्यात आपल्या जात प्रमाणपत्रावर असलेले यादीतले नाव. नुसते ‘हिंदू’ही नको, आणि जातीच्या जागी नुसते ‘बौद्ध’ही नको.

यावेळी मोजणी मोबाईल अॅपवर होणार आहे. प्रगणकाने काय टिपले ते पडद्यावर पाहून घ्या, वाचून दाखवायला सांगा, चुकले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी समजावून ठेवा, कारण दुपारी घरी तेच असतात. भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली नोंद कुठे होणार ते आत्ताच विचारून ठेवावे. १२ जानेवारीला हरदासांना अभिवादन करायला आपण कामठीत जमतोच. येत्या वर्षी तिथे भाषणे दोनच होतील आणि उरलेला वेळ नमुना अर्ज भरून दाखवण्यात जाईल, असे आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले आहे. ज्यांना आपापल्या वस्तीत हे करायचे आहे त्यांनी त्या दिवशी वही-पेन घेऊन यावे.